माझ्या नावाची पिवळी चिठ्ठी

"चिठ्ठी आणलीत ना? द्या इकडे," डॉक्टर म्हणाले.

मी पर्समधून चार घड्या घातलेली पिवळी चिठ्ठी काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. ही चिठ्ठी मला पाठ आहे, कारण ती मीच छापून घेतलेली आहे. त्यावर सहा चित्रं आहेत : झोप न लागणारा माणूस, ताटावर न जेवता बसलेली बाई, दचकणारा, एकटाच बोलणारा, माणसांत न मिसळणारा आणि जीव द्यायला निघालेला. ज्या चित्रावर खूण असेल तो त्रास. माझ्या चिठ्ठीवर झोप, दचकणं आणि माणसांत न मिसळणं अशा तीन खुणा होत्या. नावाच्या जागी कुणा शाळकरी मुलीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'सल्ला देणाऱ्या ताई'.

डॉक्टरांनी वीसेक मिनिटं प्रश्न विचारले. कधीपासून, कशाने, किती वेळ. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "याला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. तरी सांगतो, कारण आज तुम्ही त्या बाजूच्या खुर्चीत आहात."

पीटीएसडी म्हणजे जिवावर बेतलेला किंवा डोळ्यांदेखत घडलेला प्रसंग संपून जातो, पण शरीराला तो संपल्याचं कळत नाही. ते महिनोन् महिने त्याच क्षणात उभं राहतं. झोप उडते, छाती धडधडते, साध्या आवाजाने किंवा वासाने तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो आणि माणूस त्या गोष्टीची आठवण देणारं सगळं टाळायला लागतो. हे मी माझ्या पेशंटांना अगदी याच शब्दांत सांगत आले आहे. त्या दिवशी ते ऐकताना माझ्या डोक्यात एकच विचार होता, आता माझं काम जाणार.

मी शहापूरला एका संस्थेच्या दवाखान्यात समुपदेशक आहे. मनाच्या आजारांचे पेशंट पाहणारे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, उरलेले दिवस मी पेशंटांशी बोलते, घरच्यांना समजावते, गोळ्या चालू राहतात की नाही ते पाहते. महिन्यातून दोनदा आमचं शिबिर टोकावड्याला असतं. आमच्या भागातल्या पाड्यांवर माणसाचं काही बिनसलं की आधी भगताकडे नेतात. भगत तांदळाचे दाणे पाहतो आणि कुणाची बाधा आहे ते सांगतो. या भगतांशी भांडून काही मिळत नाही, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. म्हणून आम्ही त्यांना बोलावून चहा पाजला, आजार कसे ओळखायचे ते दाखवलं आणि या चिठ्ठ्या दिल्या. नियम एकच ठेवला : ज्याने चिठ्ठी दिली त्याने आठ दिवसांनी दवाखान्यात फोन करून पेशंट पोचला का ते विचारायचं. न पोचलेल्यांना मग आम्ही शोधतो. हा नियम माझा. त्याचा मला भारी अभिमान होता, आणि त्याच नियमाने मला पकडलं.

आता मूळ गोष्ट सांगते.

माझं माहेर सरळगावच्या पुढे, टोकावड्याच्या अलीकडे. कापणीच्या दिवसांत मी दोन-चार दिवस रजा घेऊन भावाकडे जाते. कामापेक्षा माझी बडबड जास्त, असं माझी वहिनी वंदना म्हणायची. वंदना माझ्याहून सात वर्षांनी लहान होती, पण शेतावर ती मुकादम आणि मी गडी.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास माळशेजच्या बाजूने आभाळ भरून आलं. कापलेल्या भाताचे भारे खळ्यावर रचलेले होते. वंदनाने ताडपत्री ओढली. एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. वारा सुटल्यामुळे ताडपत्री राहीना, म्हणून मी माझं टोक दगडाखाली दाबलं आणि दोरी आणायला मांडवाकडे गेले. दहा-बारा पावलं असतील. मागे पांढरा उजेड झाला. आवाज मला आठवत नाही. वळून पाहिलं तर ताडपत्री उडत होती आणि वंदना खाली पडली होती.

इथपर्यंत मी कुणालाही सांगत असे. पुढचं चार महिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

आमच्या दवाखान्यात सगळ्यांना सीपीआर शिकवतात. सीपीआर म्हणजे बंद पडलेलं हृदय चालू व्हावं म्हणून छाती ठरावीक लयीत दाबत राहणं. रबरी बाहुल्यावर मी ते इतकं छान केलं होतं की शिकवणाऱ्याने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. वीज पडलेल्या माणसाला लगेच हात लावला तरी धोका नसतो, त्याची छाती लगेच दाबायला घेतली तर तो वाचूही शकतो, हेही त्याच दिवशी शिकवलं होतं. मला सगळं माहीत होतं. आणि मी मांडवाचा खांब धरून उभी राहिले. किती वेळ, ते मला माहीत नाही. भाऊ आणि शेजारचे दोघे लांबच्या खाचरातून धावत आले, त्यांनी तिला उचललं, जीपमध्ये घातलं. दवाखान्यात नेलं तेव्हा ती गेलेली होती. माझी बोटं खांबावरून दुसऱ्या कुणीतरी सोडवली.

भाऊ मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

बाराव्यानंतर मी कामावर हजर झाले. लोकांना वाटलं, ताई खंबीर. मलाही वाटलं. मी दवाखान्यात लवकर जाऊ लागले, उशिरा निघू लागले. घरी भातसानगरच्या क्वार्टरमध्ये झोप लागत नव्हती. स्वयंपाकघरातली ट्यूब सुरू होताना दोनदा लुकलुकायची, तेवढ्याने माझ्या हातातलं भांडं पडायचं. माझे यजमान धरणावर नोकरीला आहेत, बोलण्यात कंजूष. एका रविवारी त्यांनी काही न विचारता ट्यूब काढली आणि तिथे साधा बल्ब लावला. मी विचारलंही नाही का लावला. आम्ही दोघांनीही तो विषय असा बल्ब लावून मिटवला.

पेंढ्याच्या वासाने मळमळायचं. रस्त्याने वेल्डिंगचं दुकान आलं की मी पलीकडच्या बाजूला जायची. मी स्वतःच निदान केलं, पाळी जायचे दिवस आले. मग थायरॉइड तपासला. तो बरोबर निघाला. बीपी बरोबर. ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, तोही बरोबर. एवढे रिपोर्ट हातात घेऊन मी समाधानाने म्हणाले, बघा, मला काही झालेलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

या चार महिन्यांत माझ्या हातून एक चूक झाली. ती मला अजूनही बोचते.

डिसेंबरात टोकावड्याच्या शिबिराला हिराबाई आली. पलीकडच्या एका ठाकूरवाडीची, तिशीतली. तिचा नवरा त्याच परतीच्या पावसात वीज पडून गेला होता. ती माझ्यासमोर बसली आणि तिने सुरुवात केली, की आम्ही दोघं भारे बांधत होतो. तेवढं ऐकून माझ्या कानात पाणी भरल्यासारखं झालं. तिचे ओठ हलताना दिसत होते. मी तिला मध्येच थांबवलं. म्हटलं, तुमचा त्रास मोठा आहे, ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे जावं लागेल, आणि तसा कागद लिहून तिच्या हातात दिला. पाच मिनिटंही झाली नव्हती. ठाण्याला जायचं म्हणजे तिला आधी वाडीवरून चालत यायचं, मग एसटी, मग कल्याणहून गाडी, आणि तो दिवस मजुरीचा गेला. ती जाणार नाही हे मला कागद लिहितानाच ठाऊक होतं. तरी मी लिहिला.

त्या महिन्यांत मी अपघाताचे, जळिताचे, अचानक गेलेल्यांच्या घरचे, सगळे पेशंट असेच पुढे पाठवले. प्रत्येक वेळी मला ते शहाणपणाचं वाटलं. टाळणं हे या आजाराचं लक्षण आहे असं मी शिकवते. पण समुपदेशकाचं टाळणं बाहेरून जबाबदारीसारखं दिसतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. तुमच्यापैकी कुणी नर्स, शिक्षक, आशाताई असाल तर एवढं लक्षात ठेवा. आपल्याकडे टाळायला सगळ्यांत चांगली सबब असते, काम.

फेब्रुवारीत टोकावड्याला भगतांची बैठक होती. शेवटी सगळ्यांचा फोटो काढायचा म्हणून आमच्या कार्यकर्त्याने मोबाइल समोर धरला. फ्लॅश पडला. पुढचं मला इतरांनी सांगितलं. मी सतरंजीवर बसकण मारली, डोक्यावर हात घेतले आणि वंदनाला हाका मारू लागले. चौदा भगत माझ्याकडे पाहत होते.

नवसूबाबा त्यातले सगळ्यांत वयस्कर. दाण्यांवर त्यांचा गाढ विश्वास, आणि आमच्या गोळ्यांवर कामापुरता. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, मला पाणी दिलं. मी सावरल्यावर त्यांनी झोपेची चौकशी केली, खिशातून पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, एकीवर तीन खुणा केल्या आणि दारातून डोकावणाऱ्या एका शाळकरी मुलीकडून नाव लिहून घेतलं. मला वाटलं, मस्करी करतायत.

"तुमीच सांगला ना ताई, ज्याच्यात भूत नाय त्याला कागद द्यायचा," ते म्हणाले. "तुमच्यात भूत नाय."

मला इतका राग आला की मी चिठ्ठी त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतली. मला शिकवतात! घरी आल्यावर ती पर्समध्ये तळाशी ढकलली. नवव्या दिवशी दवाखान्यात फोन आला. नेहमी तो फोन मी घेते. त्या दिवशी डॉक्टर आलेले होते, मी टेबलापाशी नव्हते, त्यांनी घेतला. नवसूबाबांनी नियमाप्रमाणे विचारलं, माझा पेशंट पोचला का. डॉक्टरांनी विचारलं, कोण पेशंट? बाबांनी सांगितलं.

म्हणून ती चिठ्ठी टेबलावर आली.

डॉक्टरांनी काम काढून घेतलं नाही. पण तीन महिने मी एकटीने पेशंट पाहायचे नाहीत आणि अशा आघाताचे तर मुळीच नाहीत, असं ठरवलं. त्यांनी मी पुढे पाठवलेल्यांचे कागद मागवले आणि एकेक करून चाळले. तेव्हा माझी मान वर होईना. मी विचारलं, मी आता या कामाला लायक आहे का? ते म्हणाले, "ते आज ठरवायचं नाही. आधी उपचार, मग बघू." मला खोटा दिलासा नको होता, आणि त्यांनी तो दिला नाही. याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

गोळी सुरू झाली. पहिले दहा दिवस तोंड कोरडं, पोटात ढवळणं. तिसऱ्या आठवड्यापासून सलग चार तास झोप लागली. गोळीबद्दल मी पेशंटांना किती सहज सांगायची, की वेळेवर घ्या. स्वतः घ्यायची वेळ आली तेव्हा मी ती रोज स्वयंपाकघरातल्या डब्यामागे लपवून ठेवायची, कुणी पाहुणं पाहील म्हणून.

दर शनिवारी कल्याणला एका मानसतज्ज्ञ बाईंकडे जायचं. त्यांच्या उपचाराला एक्स्पोजर थेरपी म्हणतात. म्हणजे जे टाळतो ते सुरक्षित जागी, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा समोर आणायचं. डोळे मिटून तो दिवस पहिल्यापासून सांगायचा, मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि घरी रोज एकदा ऐकायचा. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या शनिवारी चाळीस मिनिटांत माझी चार वाक्यं झाली. मी ताडपत्रीपर्यंत पोचले आणि उलटी झाली.

बाहेरच्या बाकड्यावर बसलेली माणसं आपापल्या नंबरची वाट पाहत मोबाइल बघत असायची. कुणी कुणाशी बोलत नसे. मी तिथे बसून भिंतीवरच्या पोस्टरमधल्या चुका शोधायची. धंद्याची सवय जात नाही.

घरी मी रेकॉर्डिंग गच्चीवर जाऊन ऐकायची. पंधराएक दिवसांनी यजमान वर आले आणि शेजारी बसले. म्हणाले, मला पण ऐकव. आम्ही दोघांनी ते पूर्ण ऐकलं. खांबाचा भाग आला तेव्हा ते रडले. लग्नाला एकवीस वर्षं झाली, मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. त्या रात्री मी गोळी डब्यामागून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली.

सहाव्या शनिवारी मी बाईंना विचारलं, मी धावले असते तर ती वाचली असती का? अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मी स्वतः लोकांना सांगते, तुमचा दोष नाही. त्या वाक्याची मी वाटच पाहत होते. बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. तुम्हालाही कधी कळणार नाही. हे न कळणं घेऊन जगता येतं का, एवढंच आपण शिकतोय."

मला ते वाक्य अजिबात आवडलं नाही. पण ते टिकलं. मी पेशंटांना 'तुमचा दोष नाही' हे पहिल्या दहा मिनिटांत सांगणं त्यानंतर बंद केलं.

मग एके दिवशी भावाकडे गेले आणि खांबाची गोष्ट त्याला सांगितली. तो बैलांना पाणी दाखवत होता. म्हणाला, "मला म्हाईत हाय. तुजा हात मीच सोडवला." आणि बादली उचलून गोठ्यात गेला. मला वाटत होतं ते दुसऱ्या कुणीतरी सोडवले. म्हणजे तिला जीपमध्ये घालण्याआधी तो माझ्याकडेही आला होता. मी खळ्यावर बसून पोटभर रडले. पेंढ्याचा वास येत होता, आणि मी तिथेच बसून राहिले.

आज या सगळ्याला दीड वर्ष झालं. पूर्ण बरी झाले असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. गोळी कमी झाली, बंद नाही. परतीचा पाऊस सुरू झाला की मी दुपारी बाहेर पडत नाही, आणि कडकडाट झाला की पेशंटला सांगून दोन मिनिटं थांबते. पूर्वी मी असं थांबायला लाजले असते. आता पेशंटच म्हणतात, बसा ताई, होऊ द्या. ज्यांना हा त्रास आहे त्यांना माझं एवढंच सांगणं : महिना उलटला आणि तो प्रसंग अजून रोज घडत असेल, तर कुणालातरी सांगा. भगताला सांगा, पण मग डॉक्टरांकडेही जा. सगळे रिपोर्ट चांगले आले म्हणून खूश होऊ नका. हा आजार रिपोर्टात सापडत नाही.

हिराबाईचं सांगायचं राहिलं. ते मुद्दाम शेवटी ठेवलं.

तीन महिने पूर्ण झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, पहिला पेशंट कोण घ्यायचा? मी म्हटलं, हिराबाई. त्यांनी तिचा कागद काढून वाचला. मग म्हणाले, मी शेजारच्या खोलीत असेन. तुमच्याबद्दल एखादं वाक्य सांगायचं तर सांगा, बाकी वेळ तिचा.

ती ठाण्याला गेलीच नव्हती. नवसूबाबांनी तिला शोधलं, दोन खेपा घातल्या, आणि मे महिन्यातल्या शिबिराला ती आली. चांगलीच वाळली होती. खुर्चीच्या कडेला बसली आणि खाली पाहत राहिली. मी माफी मागायचं ठरवून आले होते. म्हटलं, त्या दिवशी तुम्हाला मी उगाच पाठवलं. माझी वहिनी तशीच गेली, माझ्यासमोर. मला ऐकवत नव्हतं.

तिने मान वर केली. "मला वाटला, मी लय बोलली म्हनून तुमाला राग आला," ती म्हणाली. "मंग मी कोनालाच नाय सांगला."

पाच महिने. मी तिला ठाण्याला पाठवलं नव्हतं, मी तिचं तोंड बंद करून घरी पाठवलं होतं. हे ऐकताना माझे हात थरथरत होते. मी ते टेबलाखाली लपवले नाहीत. तिने ते पाहिले.

"आता तुमी बऱ्या झाल्या?" तिने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं, आणि पूर्वी मी ते बोललेही असते, तिच्या भल्यासाठी म्हणून.

"नाही," मी म्हटलं. "पण कामाला येते."

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मग खुर्चीत मागे सरकून नीट बसली.

"मंग सांगते," हिराबाई म्हणाली, आणि तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मी शेवटपर्यंत ऐकलं.